आरफळचे सरदार, माउलींचे चाकर

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या अश्वाच्या टापेखालची माती कपाळी लावणारे वारकरी लाखांनी मोजावेत इतके. पण हा थाट घालून दिला कुणी, असे विचारले तर पुष्कळांना हैबतबाबांचे नाव तेवढे ठाऊक असते, त्यापुढचे चरित्र नसते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

हैबतराव पवार हे सातारा प्रांतातील आरफळ गावचे. चाकरी ग्वाल्हेरास शिंदे सरकारच्या दरबारी, सरदार म्हणून. त्या काळी वाडेवाल्या माणसाचे गावात काय वजन असे, ते जुन्या मंडळींना सांगायला नको. गावची जत्रा असो, बांधावरचा तंटा असो की दुष्काळात पेव उघडायचे असो, गाव वाड्याच्या तोंडाकडे बघायचा. नगारा, निशाण, घोडे, चोपदार हे हैबतरावांच्या रोजच्या पाहण्यातले.

दरबारची चाकरी करून, गाठीला द्रव्य बांधून ते गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरले आणि सोबत्यांसह गुहेत कोंडले. तिथे त्यांनी एकवीस दिवस हरिपाठ चालवला, एकविसाव्या दिवशी नायकाला मुलगा झाला, आणि त्याने सगळ्यांना द्रव्यासह सोडून दिले, अशी संप्रदायात परंपरा आहे. कीर्तनात आम्हीही हा प्रसंग रंगवून सांगतो, श्रोत्यांनाही तोच आवडतो. पण आम्हाला विचाराल तर खरा चमत्कार त्याच्या पुढचा. सुटलेला माणूस आधी घर गाठतो. हैबतराव आरफळास गेले नाहीत, ते आळंदीस आले आणि माउलींच्या समाधीपाशीच राहिले. रात्र रात्र भजनात उभे राहायचे. वाडा तिकडे तसाच राहिला.

वारी तर आधीपासून चालूच होती. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका आळंदीस यायच्या आणि तेथून ज्ञानोबा-तुकाराम अशी जोडपालखी पंढरीस जायची. हैबतबाबांनी 1832 पासून माउलींचा सोहळा स्वतंत्र काढला. पेशवाई 1818 सालीच बुडाली होती. ज्या नगाऱ्या-निशाणांपुढे फौजा चालायच्या, तो थाट आता माउलींपुढे चालू लागला. वासकर, खंडोजीबाबा, शेडगे अशी भजनी मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

घोडे आणि तंबू मात्र दुसऱ्या वाड्यातून आले. बेळगाव प्रांती चिकोडीजवळ अंकली गाव आहे, तिथले शितोळे सरदार. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई शितोळ्यांच्याच घराण्यात दिलेली. हैबतबाबांच्या शब्दाला मान देऊन त्यांनी अश्व, तंबू आणि नैवेद्याची सेवा पत्करली, ती आजही चालू आहे. अंकलीच्या वाड्यातून अश्व दरसाल निघतात आणि सुमारे 300 किलोमीटर पायी चालून आळंदीस येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माउलींचा. मुक्कामी माउली उतरतात त्याही शितोळ्यांच्याच तंबूत.

सरदारी शिस्त खरी कळते ती मुक्कामावरच्या समाज आरतीला. दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळांचा कल्लोळ. चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळे शांत. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, ते पुढे घालतो. हरवले-सापडलेही तिथेच पुकारायचे. कुणाच्या पायाला लागले, कुणाची पडशी गेली, कुणाला जागा मिळाली नाही, सगळे माउलींच्या समोर. वाड्याच्या सदरेवर रयत यायची ती अशीच. फरक एवढाच की इथे गादीवर पादुका आहेत आणि सरदार खाली उभा आहे.

रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, हा क्रम अजून पाळतात. आरफळकर पवारांकडे सोहळ्याची मालकी चालत आली आहे. प्रस्थानाच्या वेळी पादुका त्यांच्याच हाती देतात. मालक म्हणायचे, आणि चालायचे पायी.

हैबतबाबांनी जागा मागितली ती महाद्वाराच्या पहिल्या पायरीची. येणाऱ्या-जाणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ अंगावर पडावी, हा हेतू. त्यांची समाधी तिथेच आहे. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचे पूजन होते, आणि मगच माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो.