डी हॅविलँड आणि विमानाचे वय

जेफ्री डी हॅविलँड यांचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आजोबांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी पहिले विमान बांधले. पंखांचे कापड पत्नी लुईस यांनी शिवले. ते विमान पहिल्याच प्रयत्नात कोसळले, दुसरे मात्र १९१० मध्ये उडाले. १९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले लाकडी ‘मॉस्किटो’ तिचेच. या कामाची किंमत घरानेही मोजली. जॉन (१९४३) आणि जेफ्री (१९४६) हे त्यांचे दोन मुलगे विमानांच्या चाचण्या घेताना मरण पावले.

त्यांच्या ६७व्या वाढदिवशी, १९४९ मध्ये, ‘कॉमेट’ हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान आकाशात झेपावले. १९५२ मध्ये लंडन–जोहान्सबर्ग सेवा सुरू झाली. पण १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि नंतर नेपल्सजवळ दोन कॉमेट हवेतच फुटली. ५६ जण दगावले. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची जेमतेम १,२९० उड्डाणे झाली होती.

उंचीवर हवा विरळ असते, म्हणून केबिनमध्ये दाब वाढवावा लागतो. दर उड्डाणात विमानाचे धड किंचित फुगते, उतरल्यावर आकसते. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच धातूही थकतो. फार्नबरो येथे कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुनःपुन्हा चढवला-उतरवला. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३,००० दाबचक्रांनंतर ते खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटले.

विमानाचे वय आज वर्षांबरोबरच उड्डाणतास आणि दाबचक्रांतही मोजतात. त्यामुळे दिवसातून अनेक छोट्या फेऱ्या करणाऱ्या विमानाचे धड लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा लवकर थकते. काही वर्षांनी विमान जवळजवळ पूर्ण उघडून तडे आणि गंज शोधतात. हा खर्च विमानाच्या उरलेल्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला, की ते मोडीत काढून सुटे भाग विकणे परवडते. मात्र ही तपासणी वेळेवर होत राहिली, तर जुने विमानही सुरक्षित उडते.

सुधारित ‘कॉमेट ४’ने १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारी प्रवासी जेट सेवा सुरू केली. डी हॅविलँड १९६५ मध्ये निवर्तले. कॉमेटच्या आराखड्यावर बेतलेली ब्रिटिश हवाई दलाची ‘निमरॉड’ विमाने मात्र २०११ पर्यंत सेवेत होती.