सगळ्या जगाची काळजी करणारा नारायण

आजचं वाचन : मनाचे श्लोक, 11 ते 17

हे श्लोक आपण लहानपणी पाठ केलेत, त्यामुळे म्हणताना अर्थाकडे लक्षच जात नाही. म्हणून आज आधी समर्थांकडे बघू.

1608 सालची रामनवमी, जालना जिल्ह्यातलं जांब गाव. ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. सात-आठ वर्षांचा असताना वडील सूर्याजीपंत गेले. चरित्रांत एक गोष्ट येते. नारायण कुठे सापडेना, शेवटी तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला आईला, राणूबाईंना दिसला. काय करतोयस विचारल्यावर, सगळ्या जगाची काळजी करतोय, असं त्याने सांगितलं. कीर्तनात यावर कौतुकाने हसतात. मला मात्र त्यात बाप नसलेलं, अंधारात बसलेलं एक पोर दिसतं.

बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळून गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे 12 वर्षं नाशिकजवळ टाकळीला नदीत उभं राहून जप, मग 12 वर्षं देशभर भ्रमंती. 1630 चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. लोकांचे हाल बघून ते आतून हलले. आणि करुणाष्टकं वाचली की कळतं, त्यांचं स्वतःचं मनही काही सुखासुखी शांत झालेलं नव्हतं.

म्हणूनच पुढे 205 श्लोक लिहिले तेही थेट मनाला उद्देशून. मनाला ते नुसतं गप्प बस म्हणत नाहीत, प्रश्न विचारतात. सगळ्या बाजूंनी सुखी असा एक तरी माणूस आहे का, तूच शोधून बघ. रावणाचं एवढं राज्य होतं, त्याचं काय झालं? सतराव्या श्लोकात तर सरळ काळजीलाच हात घातलाय : जे व्हायचं ते अचानक होऊन जातं, मग आधीपासूनचं हे ओझं कशासाठी? अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास अशीच विचारांना जाब विचारणारी पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ म्हणतात. विवेक हा तर समर्थांचा अगदी आवडता शब्द. फरक एवढाच, की समर्थांच्या प्रश्नांमागे राम उभा आहे.

गेल्या महिन्यात ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. मुलुंडच्या घरात रात्री तीनला मी छताकडे बघत पडलेलो. नोकरी जाणार, हप्ते थकणार, सगळं संपलं! मग वही काढली आणि कोडमधला बग शोधावा तसं एकेक वाक्य तपासलं. नोकरी जाणार, हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. गेली तर चार महिने घर चालेल का? हिशोब केला, चालेल. सगळं संपलं म्हणजे नक्की काय संपलं? याला उत्तर लिहिता आलं नाही. भीती गेली नाही, पण झोप लागली.

शके 1603 च्या माघ वद्य नवमीला समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. शेवटच्या वेळी शिष्य रडू लागले, तेव्हाही त्यांनी प्रश्नच केला असं सांगतात : इतकी वर्षं माझ्याजवळ राहून रडायलाच शिकलात का?

उद्या अठरावा श्लोक.