जयपूरचे नाव, अंबाबाईची सेवा : गानमहर्षी अल्लादियाखाँ

हिंदुस्थानी संगीतातील ज्या घराण्याला आपण जयपूर घराणे म्हणून ओळखतो, त्याची जडणघडण प्रत्यक्षात कोल्हापूर आणि मुंबई येथे झाली, आणि त्याची कीर्ती प्रामुख्याने गोव्यात जन्मलेल्या गायिकांनी देशभर नेली. तरीही जयपूरचे नाव त्याला चिकटले ते अकारण नव्हे. या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या कानावर गाण्याचे पहिले मोठे संस्कार झाले ते जयपुरातच.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी उनियारा येथे झाला. आज टोंक जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी जयपूर संस्थानाच्या अंकित असलेले एक ठिकाण होते. पूर्वज मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे, म्हणून घराण्याचे पूर्ण नाव जयपूर-अत्रौली. खाँसाहेबांचे पाळण्यातले नाव गुलाम अहमद. अल्लादिया म्हणजे अल्लाने दिलेला, आणि पुढे तेच नाव रूढ झाले. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर चुलते जहांगीरखाँ यांनी त्यांना जयपुरात दीर्घकाळ तालीम दिली. आधी ध्रुपद-धमार, मग ख्याल, असा तो क्रम होता.

जयपूर तेव्हा कलावंतांनी गजबजलेले होते. सवाई रामसिंग दुसरे यांच्या गुणीजनखान्यात ध्रुपदिये बेहरामखाँ, बीनकार रजबअलीखाँ, सतारिये अमृतसेन यांच्यासारखे दिग्गज होते. ख्यालिये मुबारकअलीखाँ यांची अवघड, वळणावळणाची तान तरुण अल्लादियांच्या मनात कायमची घर करून राहिली. रामसिंग स्वतः शिवभक्त, राजवाड्याच्या आवारात गोविंददेवजींचे मंदिर, आणि त्याच राजाने करवून घेतलेला सोन्याचांदीचा ताजिया मोहरमच्या मिरवणुकीत निघत असे. फाल्गुनात होरी-धमार रंगत आणि ते गाणारे बहुतेक उस्ताद मुसलमान असत. कृष्णाच्या रंगपंचमीची पदे गाताना आपण दुसऱ्याच्या धर्मात पाऊल टाकतो आहोत, असे त्यांना वाटल्याचे कुठे दिसत नाही. दिल्लीत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्यात आजही वसंतपंचमीला पिवळी फुले वाहून कव्वाल गातात. त्याच परंपरेचे हे दुसरे रूप.

खाँसाहेबांच्या घरात एक वंशकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. आपण मूळचे शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण, नाथ विश्वंभर हे आपले मूळ पुरुष, आणि स्वामी हरिदासांशी आपले नाते आहे, असे हे घराणे मानी. बादशहाच्या कैदेत पडलेल्या आपल्या राजाला सोडवण्यासाठी एका पूर्वजाने गायन केले आणि सुटकेच्या मोबदल्यात इस्लाम स्वीकारला, असा त्या कथेचा गाभा. तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न इतिहासकारांचा. पण ती कोणत्या स्वरात सांगितली गेली, हे अधिक महत्त्वाचे आहे. आज अशी कथा कानावर आली की कुणी तिच्यातून सूडाचा मुद्दा काढील, तर कुणी ती लपवू पाहील. खाँसाहेबांनी यातले काहीही केले नाही. ते निष्ठावान मुसलमान होते आणि आपले गोत्रही अभिमानाने सांगत. एकासाठी दुसरे पुसून टाकण्याची गरज त्यांना भासली नाही.

तारुण्यात राजस्थानातील आणि इतरत्रच्या संस्थानांतून त्यांची भ्रमंती झाली. आमलेटा या लहानशा संस्थानात तेथील अधिपतींच्या आग्रहावरून त्यांना दिवसेंदिवस अतोनात गावे लागले आणि त्यांचा आवाज बसला. ही १८८६ च्या सुमाराची गोष्ट. गवयासाठी याहून मोठे संकट नाही. आवाज परतला तेव्हा त्याची पूर्वीची धार गेली होती. उरलेल्या आवाजात काय साधेल, याचा शोध त्यांनी घेतला आणि त्यातून आजची जयपूर गायकी घडली. मोकळा आकार, लयीच्या प्रत्येक मात्रेशी जोडलेला स्वर, सरळ न जाता वळसे घेणारी, श्वास न तुटणारी तान ही तिची लक्षणे. बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खोकर, सावनी यांसारखे अप्रचलित वा जोडराग त्यांनी मैफलीत प्रतिष्ठित केले.

१८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात आणले. महाराजांचा ओढा कुस्तीकडे अधिक, परंतु गुणी माणसाची पारख अचूक. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा आणि १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे करणारा हा राजा होता. अंबाबाईच्या देवळापासून चार पावलांवर बाबूजमाल दर्गा आहे आणि त्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. अशा गावात मुसलमान उस्तादाने देवीपुढे गायनसेवा करावी, यात कोणाला वावगे वाटले नाही. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ यांनीही पुढे अंबाबाईच्या देवळात ही सेवा चालवली.

याच काळात भास्करबुवा बखले त्यांचे शिष्य झाले. भास्करबुवांनी १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाला संगीत दिले आणि उस्तादांकडून मिळालेले रागदारीचे धन रुक्मिणी-कृष्णाच्या कथेतून मराठी घरांत पोहोचले. गोविंदराव टेंबे हेही खाँसाहेबांचे निस्सीम चाहते. त्यांनी पुढे खाँसाहेबांचे मराठी चरित्र लिहिले.

धर्माच्या बाबतीत उदार असलेले खाँसाहेब विद्येच्या बाबतीत मात्र तितके मोकळ्या हाताचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. दुर्मीळ राग आणि बंदिशी ते जपून ठेवीत. त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. एका शिष्येला तालीम द्यायची तर दुसरीला देऊ नये, असे आग्रहही त्यांच्या भोवती झाले. सांगलीत उपचारासाठी आले असता त्यांनी मोगूबाई कुर्डीकर यांचा रियाज ऐकला आणि आपण कोण हे न सांगता त्यांना शिकवू लागले. पुढे मुंबईत केसरबाई केरकर यांची तालीम सुरू झाल्यावर मोगूबाईंना बाजूला व्हावे लागले. बंधू हैदरखाँ यांनी त्यांना शिकवले आणि बऱ्याच काळानंतर खाँसाहेबांनी स्वतः त्यांना गंडा बांधला. दोघीही गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्या समाजातील स्त्रियांचे गाणे रसिक ऐकत, पण त्यांना मानाचे स्थान देण्यास तयार नसत. आपल्या घराण्याचे सर्वांत कठीण गाणे खाँसाहेबांनी त्यांच्या हाती सोपवले. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. मोगूबाईंची परंपरा त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी पुढे नेली.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर खाँसाहेबांनी मुंबईत वास्तव्य केले. १९३७ मध्ये मधले चिरंजीव मंजीखाँ गेले. मैफलीचा हा तेजस्वी गवई वडिलांच्या डोळ्यांदेखत जावा, हा घाव वृद्धापकाळात खोल बसला. मंजीखाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यानंतर भूर्जीखाँनी तालीम दिली. मन्सूर धारवाडचे, वीरशैव घरातले, कन्नड वचने तन्मयतेने गाणारे.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांनी आपली जीवनकथा नातू अजीजुद्दीनखाँ यांना सांगितली होती आणि ती नातवाने लिहून ठेवली होती. तिचा इंग्रजी अनुवाद २००० मध्ये कोलकात्यातून प्रसिद्ध झाला.