न उडणारें विमान आणि त्याचा कर्ता

ढगांत शिरलेल्या विमानाचें एंजिन एकाएकीं बंद पडलें, किंवा विमान सरळ आहे कीं कललेलें आहे हें दाखविणारी तबकडी खोटें सांगूं लागली, तर वैमानिकानें काय करावें? याचें उत्तर पुस्तकांत वाचून पाठ करतां येईल. पण प्रसंग गुदरला असतां तें आठवेलच असें नाहीं. प्रत्यक्ष आकाशांत चुकत चुकत शिकावें म्हटलें, तर पहिली चूक तीच शेवटची ठरावयाची. ही अडचण ज्या गृहस्थानें सोडविली, त्या एडविन आल्बर्ट लिंक यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

लिंक यांचा जन्म २६ जुलै १९०४ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत हंटिंग्टन या गांवीं झाला. पुढें १९१० सालीं हें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन येथें राहावयास गेलें. तेथें वडिलांनीं दिवाळें निघालेला एक वाद्यांचा कारखाना विकत घेऊन तो नांवारूपास आणला. त्यांत आपोआप वाजणारे पियानो व चित्रपटगृहांत वाजवावयाचे मोठे ऑर्गन तयार होत. त्या काळीं चित्रपट मुके असल्यामुळें पडद्यापाशीं वाद्य लागेच.

बाजाची पेटी आमच्या सर्व वाचकांनीं पाहिलेली आहे. उपासनेंत गीत चाललें असतां वादक एका हातानें भाता हालवितो आणि कोंडलेली हवा सुरांतून वाट काढते. आपोआप वाजणाऱ्या पियानोचें मर्महि हवाच. मात्र तेथें पंपानें हवा शोषून घेतलेली असते. छिद्रें पाडलेला कागद फिरूं लागला कीं ज्या छिद्रावाटे हवा आंत शिरते, त्याच्या स्वराचा चिमुकला भाता मिटतो व स्वर वाजतो. लहानपणापासून लिंक यांचा हात या भात्यांवर, नळ्यांवर आणि झडपांवर बसलेला होता. पुढील सर्व कथेचें बीज येथेंच आहे, म्हणून आम्हीं तें जरा विस्तारानें सांगितलें.

विमानाचा पहिला धडा त्यांनीं १९२० सालीं लॉस एंजल्स येथें घेतला. तो विमानतळ प्रसिद्ध विनोदी नट चार्ली चॅप्लिन यांचे बंधु सिडने यांचा होता. फी पन्नास डॉलर. शिक्षकानें विमान उलटें केलें, गिरक्या घेतल्या, जमिनीस लागेल इतकें खालून नेलें आणि उतरविलें. शिष्यास दांडीला हातहि लावूं दिला नाहीं. शिकविण्याची ही रीत केवळ विमानविद्येंतच आढळते असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि त्या शिक्षकासहि फारसा दोष देतां येत नाहीं, कारण नवख्या हातीं विमान देणें म्हणजे दोघांचेहि प्राण टांगणीस लावणें होय. लिंक पुढें विमान चालविण्यांत निष्णात झाले, पण हा पेंच त्यांच्या मनांतून गेला नाहीं.

१९२७ पासून १९२९ पर्यंत कारखान्याच्या तळघरांत त्यांचा उद्योग चालला. आंखूड पंखांचें एक लहानसें लांकडी विमान त्यांनीं एका सांध्यावर तोलून धरलें आणि त्याच्याखालीं ऑर्गनचे भाते बसविले. आंत बसलेल्यानें दांडी पुढें लोटली कीं झडपा उघडत, पुढचा भाता मिटे, मागचा फुगे आणि विमानाचें नाक खालीं जाई. दांडी बाजूस नेली कीं तें कलंडे. पायांनीं दाबलें कीं भोंवतीं वळे. विमान जमिनीपासून वीतभरहि उडत नसे, पण चालकाच्या हातापायांस खऱ्या विमानाप्रमाणें जाब देई.

या शोधाचें पेटंट त्यांनीं १९२९ सालीं मागितलें व १९३१ सालीं तें मिळालें. त्यांत शिक्षण व करमणूक असे दोन्ही उपयोग नांवांतच नमूद केलेले आहेत, आणि आरंभीं उपयोग झाला तो दुसराच! विमानविद्या शिकविणारांनीं त्याकडे पाठ फिरविली. करमणुकीच्या बागांनीं मात्र तें घेतलें, आणि जत्रेंतल्या पाळण्यांत बसावें तसे लोक त्यांत बसूं लागले. इकडे बोलपट निघाल्यामुळें ऑर्गनचा धंदाहि बसला. १९३१ सालींच लिंक यांचा विवाह वृत्तपत्रांत लिहिणाऱ्या मॅरियन क्लेटन या बाईंशीं झाला. पुढील पन्नास वर्षें या बाईंनीं त्यांस साथ दिली.

१९३४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खासगी कंपन्यांकडून टपाल नेण्याचे करार रद्द केले व तें काम सैन्याच्या वैमानिकांवर सोंपविलें. ऐन हिवाळा, धुकें, बर्फ, आणि बहुतेकांस केवळ तबकड्या पाहून विमान चालविण्याचा सराव नाहीं. थोड्याच आठवड्यांत दहांहून अधिक जणांस प्राणांस मुकावें लागलें.

असें कां व्हावें, हें समजण्यासारखें आहे. मनुष्याच्या कानाच्या आंतल्या भागांत तोल जाणणारें इंद्रिय असतें. डोळे मिटून फिरत्या खुर्चीवर एकाच गतीनें फिरत राहिलें, तर कांहीं वेळानें आपण स्थिर आहों असें वाटूं लागतें. खुर्ची थांबली कीं उलट दिशेस फिरल्याचा भास होतो. ढगांत वैमानिकाची तीच अवस्था होते. शरीर एक सांगतें, तबकडी दुसरें सांगते, आणि शरीराचें ऐकणारा भोंवऱ्यासारखा फिरत जमिनीवर येऊन आदळतो. शरीराचें न ऐकण्याची संवय उपदेशानें लागत नाहीं. लिंक यांच्या यंत्रावर तोंपर्यंत झांकण आलें होतें व आंत तबकड्या बसल्या होत्या. शिष्य तेथें अंधारांत बसून ही संवय लावून घेऊं शके.

त्याच वर्षीं सैन्याचे अधिकारी न्यूअर्क येथें लिंक यांची वाट पाहत होते. धुकें इतकें दाट होतें कीं हा मनुष्य येणें शक्य नाहीं असें समजून ते परत निघण्याच्या बेतांत होते. इतक्यांत धुक्यांतून विमानाचा आवाज आला व लिंक उतरले. निराळ्या शिफारशीची गरज राहिली नाहीं. प्रत्येकीं ३,५०० डॉलर किंमतीचीं सहा यंत्रें सैन्यानें घेतलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अशीं दहा हजारांहून अधिक यंत्रें तयार झालीं व सुमारें पांच लक्ष वैमानिक त्यांवर शिकले. रंगावरून त्यांस निळी पेटी असें नांव पडलें होतें.

या पेटीचें खरें सामर्थ्य आमच्या मतें बाहेर बसलेल्या शिक्षकाच्या मेजावर होतें. तेथें शिष्याच्या तबकड्यांची दुसरी प्रत असे, आणि खेंकडा नांवाचें तीन चाकांचें लहान यंत्र शिष्याचा मार्ग नकाशावर शाईनें रेखीत जाई. शिक्षक न सांगतां वारा बदली, हवेंत खळबळ माजवी. एखादी तबकडी झांकून टाकिली म्हणजे बाकीच्यांवर भागवावें लागे. पुढें १९४८ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें एका मोठ्या प्रवासी विमानाची जी प्रतिकृति केली, तींत तर नानाविध बिघाड उत्पन्न करण्याकरितां शिक्षकापुढें बटनांची एक स्वतंत्र फळीच होती.

बिघाड आला असतां क्रम ठरलेला असतो. प्रथम विमान हवेंत सांवरून धरावयाचें, मग आपण कोठें आहों व कोठें जावयाचें हें ठरवावयाचें, आणि त्यानंतर जमिनीवरील माणसांस कळवावयाचें. एक तबकडी विपरीत दाखवीत असेल तर ती इतर दोन-तीन तबकड्यांशीं ताडून पाहावयाची. हें ऐकावयास सोपें आहे. घाबरलेला मनुष्य मात्र आधीं बिघाडाच्याच मागें लागतो, आणि तेवढ्या वेळांत चांगलें चालणारें विमान हातचें जातें. म्हणून तोच बिघाड पुनःपुन्हां, पण कधीं येईल हें न सांगतां, आणावा लागतो. आजहि प्रवासी विमानांच्या वैमानिकांस ठराविक मुदतीनें अशा यंत्रांत बसून एंजिन बंद पडण्याची परीक्षा द्यावी लागते.

लिंक यांनीं १९५४ सालीं आपली कंपनी विकली व ते समुद्राकडे वळले. १९५९ सालीं जमैकांतील पोर्ट रॉयल या भूकंपानें बुडालेल्या शहराचें आणि १९६० सालीं कैसरिया येथील हेरोद राजाच्या बंदराचें त्यांनीं पाण्याखालीं संशोधन केलें. पवित्र शास्त्राच्या वाचकांस कैसरिया अपरिचित नाहीं. पौल तेथेंच बंदींत होता. पुढें माणसांस खोल पाण्यांत नेणाऱ्या लहान पाणबुड्या लिंक बांधूं लागले. त्यांतील जॉन्सन सी लिंक ही १९७१ सालीं पाण्यांत उतरली.

१७ जून १९७३ रोजीं फ्लॉरिडांतील की वेस्टजवळ ही पाणबुडी समुद्रतळीं बुडविलेल्या एका जुन्या लढाऊ जहाजाच्या सांगाड्यांत अडकली. आंत चौघे होते. पुढचे दोघे जाड पारदर्शक गोलांत. मागील ॲल्युमिनियमच्या कोठडींत लिंक यांचे एकतीस वर्षांचे पुत्र क्लेटन आणि पाणबुड्याचें काम करणारे आल्बर्ट स्टोव्हर. श्वासांतून बाहेर पडणारा विषारी वायु शोषून घेण्याकरितां एक रासायनिक द्रव्य ठेविलेलें होतें. थंडींत त्याची शक्ति मंदावते. धातूच्या कोठडींतून उष्णता लौकर निघून गेली. पुढच्या गोलांत ती पुष्कळ टिकली. एक दिवसाहून अधिक वेळानें पाणबुडी वर काढण्यांत आली तेव्हां पुढचे दोघे वांचले होते. क्लेटन व स्टोव्हर हे हातचे गेले.

लक्षावधि लोकांच्या मुलांनीं ज्यांच्या पेटींत सुखरूप राहून संकटाचा सराव केला, त्या पित्यावर हा प्रसंग आला. पाणबुडी सांगाड्यांत अडकण्याचा व द्रव्य थंडीनें निकामी होण्याचा सराव कोणत्याहि पेटींत झालेला नव्हता. लिंक तेव्हां सत्तरीच्या घरांत होते. त्यांनीं पुढील दोन वर्षें एकाच कामांत घालविलीं. माणूस न बसवितां तारेनें खोल पाण्यांत सोडतां यावें, अडकलेली पाणबुडी त्यावाटे पाहतां यावी आणि ती मोकळी करतां यावी, असें एक यंत्र त्यांनीं रचिलें. ७ सप्टेंबर १९८१ रोजीं बिंगहॅम्टन येथें ते निवर्तले.