हवेचें माप घेणारा रॉबर्ट बॉइल

रत्नागिरीच्या मुलांस समुद्र नवा नाहीं. मांडवीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी पाहिली नाहीं, असा विद्यार्थी आमच्यांत विरळाच. परंतु त्याच पाण्यांत खोल बुडी मारली असतां छातींतील हवेचें काय होतें, ह्याचा विचार आपण क्वचितच करितों. त्यामागील नियम ज्यांनीं जगास दाखविला, त्यांचें अल्प चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रॉबर्ट बॉइल यांचा जन्म आयर्लंडांतील लिस्मोर येथील किल्ल्यांत २५ जानेवारी १६२७ रोजीं झाला. वडील कॉर्कचे अर्ल, अपार संपत्तीचे धनी. परंतु पुत्रानें ऐश्वर्यापेक्षां विद्येची कास धरली. प्रकृति नाजूक, दृष्टि अधू. तरीही ऑक्सफर्ड येथें रॉबर्ट हूक ह्या कल्पक तरुण साहाय्यकाकडून त्यांनीं हवा काढून घेण्याचा पंप करविला, व १६६० सालीं आपले प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

हवेचा जोर पारा तोलून धरण्याइतका मोठा असेल, हें लिनस नांवाच्या विद्वानास पटेना. बॉइल रागावले नाहींत. उत्तर त्यांनीं प्रयोगानेंच दिलें. एक टोंक बंद असलेल्या वांकड्या कांचनळींत ते पारा ओतूं लागले. एक नळी फुटली. तेव्हां दुसरी आणिली. ती खोलींत मावेना, म्हणून जिन्यावर उभी केली. पाऱ्याच्या भारानें दाब दुप्पट होतांच कोंडलेली हवा निम्मी झाली. १६६२ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला.

समुद्रांत सुमारें १० मीटर खोलीवर दाब असाच दुप्पट होतो. श्वास कोंडून तेथें गेलेल्याच्या फुप्फुसांतील हवा निम्मी होते, २० मीटरांवर तिचा तिसरा हिस्सा उरतो. वर येतांच ती पूर्ववत् होते. परंतु पाठीवरील नळकांड्यांतील हवा खोल पाण्यांत घेणारा पाणबुड्या श्वास रोखून वर आला, तर तीच हवा फुगून फुप्फुसें फाडूं शकते. म्हणून तारकर्लीस असो वा अन्यत्र, श्वास कधींही रोखूं नये, हा पाणबुड्यांचा मुख्य नियम होय.

१६८० सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद बॉइल यांनीं नम्रपणें नाकारिलें. ज्या बहिणीच्या घरीं ते लंडनांत राहत, ती वारल्यावर आठवड्याभरांतच, ३१ डिसेंबर १६९१ रोजीं, त्यांनीं देह ठेविला.

आक्षेप घेणाऱ्यावर न चिडतां त्यांनीं पुन्हा मोजून पाहिलें, म्हणूनच हा नियम जगास लाभला. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.