मास्किंग टेप कोणी शोधली? बँजो वाजवणाऱ्या रिचर्ड ड्र्यूची गोष्ट

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचा फिका पडलेला रंग घरच्या घरी उजळायचा म्हटलं, की दुकानातून दोन गोष्टी आणाव्याच लागतात. एक वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर. दुसरी मास्किंग टेप. दोन्ही मिळून काही फार खर्च नाही. पण या दोन वस्तूंमुळे एका माणसाचं अख्खं आयुष्य बदललं. त्याचं नाव रिचर्ड ड्र्यू.

ड्र्यूचा जन्म 1899 चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातला. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि फीसाठी रात्री डान्स बँडमध्ये बँजो वाजवायला लागला. कॉलेज काही पूर्ण झालं नाही. मग पोस्टाने मशीन डिझाइनचा कोर्स करत त्याने नोकरी शोधली आणि एका सँडपेपर बनवणाऱ्या कंपनीत लॅब असिस्टंट म्हणून लागला.

ही कंपनी म्हणजे आजची थ्रीएम. तेव्हा तिचं नाव होतं मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. नावात खाण आहे, पण खाणीने कंपनीला पार बुडवायचंच बाकी ठेवलं होतं! 1902 मध्ये मोठ्या आशेने घेतलेल्या त्या खाणीतला दगड सँडपेपरच्या कामाचाच नव्हता. कशीबशी तग धरलेल्या या कंपनीने 1921 च्या सुमारास पाण्यात चालणारा सँडपेपर बाजारात आणला. शोध फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाचा होता.

पाण्यात चालणारा, यात एवढं काय विशेष? त्या काळी गाडीच्या रंगात शिसं असायचं. कोरडं घासलं की त्याची धूळ कामगारांच्या फुप्फुसात जायची. पाण्यात घासलं की धूळ उडत नाही, पेपर भरून बसत नाही आणि पृष्ठभाग तापत नाही. आजही आपण बादलीत साबणाचं पाणी घेऊन बसतो ते यासाठीच.

1923 मध्ये या नव्या पेपरचे नमुने तपासायला ड्र्यूला सेंट पॉलमधल्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये पाठवायचे. तिथे एक दिवस पेंटर वैतागून शिव्या घालताना त्याला दिसले. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती. खाली एक रंग, वर दुसरा आणि मधली रेघ एकदम सरळ हवी. पेंटर पहिला रंग वाळवायचे, त्यावर कागद टेपने चिकटवायचे, दुसरा रंग मारायचे. आणि टेप ओढली की पहिला रंगही तिच्याबरोबर उपटून यायचा! दिवसभराची मेहनत पाण्यात.

ड्र्यूने तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी यावर उपाय काढतो. गंमत म्हणजे टेपबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याची कंपनी टेप बनवतही नव्हती. पण विचार करा, सँडपेपर म्हणजे काय? कागद, त्यावर गोंद, त्यावर दाणे. दाणे वगळले तर अर्धी टेप तयारच आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी दोन वर्षं गेली. गोंद असा हवा की नुसत्या दाबाने चिकटेल, पण सोडताना रंग सोबत नेणार नाही आणि मागे चिकटपणाही ठेवणार नाही. शिवाय कागदातून रंग झिरपता कामा नये. ड्र्यूने तेलांपासून डिंकापर्यंत बरंच काही वापरून पाहिलं. शेवटी सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळून काम जमलं.

कंपनीचे बडे अधिकारी विल्यम मॅकनाइट यांनी त्याला मध्येच सांगितलं, की हे सोड आणि पुन्हा सँडपेपरच्या कामाला लाग. ड्र्यूने ते जेमतेम ऐकलं आणि परत आपल्या टेपकडे वळला. मॅकनाइट यांना ते दिसलंही, पण ते काही बोलले नाहीत. पुढे कागदासाठी मशीन हवं होतं, त्याला मंजुरी मिळाली नाही. ड्र्यूला 100 डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करता यायची. मग काय, 99-99 डॉलरच्या ऑर्डरी टाकत पठ्ठ्याने मशीन उभं केलं! आजच्या एखाद्या ऑफिसात हे चाललं असतं का, मला तरी शंका आहे.

1925 मध्ये टेप आली. पहिल्या नमुन्यात गोंद फक्त दोन्ही कडांना होता, मध्ये कोरी. त्यामुळे एका ठिकाणी ती कागदाच्या वजनाने सुटून पडली. पेंटर चिडून म्हणाला, की तुझ्या चिक्कू साहेबांना सांग, सगळीकडे गोंद लावा. 'स्कॉच' म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन बोलीत चिक्कू. टेपला स्कॉच हे नाव त्यावरून पडलं, अशी गोष्ट सांगतात.

आता तुमच्या हातातली मास्किंग टेप बघा. तिचा कागद चुण्याचुण्यांचा दिसतो ना? ती ड्र्यूचीच युक्ती. चुण्यांमुळे टेप ताणली जाते आणि हेडलाइटच्या गोलाईवर नीट बसते.

घरी रबिंग करताना या टेपचं खरं काम कडांवर असतं. नव्या पद्धतीच्या रंगावर सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. बॉनेटच्या आणि दाराच्या कडांना तो आणखी पातळ, आणि घासताना जोर नेमका तिथेच पडतो. म्हणून आधी कडा, रबरं, प्लॅस्टिक सगळं टेपने झाका, टेपची कड नखाने दाबून घ्या. मग 2000 नंबरच्या पेपरने हलक्या हाताने, 3000 ने त्याचे ओरखडे काढा आणि कंपाऊंडने चमक आणा. 1500 च्या खाली घरी जाऊ नका. काम झालं की टेप लगेच आणि सावकाश, मागे दुमडून काढा. उन्हात राहिली तर गोंद तिथेच बसतो. खोक्यांची ब्राऊन टेप किंवा इलेक्ट्रिकची काळी टेप रंगावर अजिबात नको. आणि क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील, तर घासून उपयोग नाही. तिथे पेंटरच लागतो.

ड्र्यू टेपवरच थांबला नाही. 1930 मध्ये त्याने सेलोफेनची पारदर्शक टेप आणली. तेव्हा महामंदी सुरू होती. लोकांकडे नवं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून फाटलेली पुस्तकं, तुटलेली खेळणी चिकटवायला ती टेप घराघरांत गेली. फक्त टोक सापडायचं नाही! दोन वर्षांनी जॉन बोर्डन या सहकाऱ्याने दातेरी पातं असलेला स्टँड बनवला, तेव्हा कुठे तो ताप मिटला. आपण सरसकट सेलोटेप म्हणतो, ते मात्र एका ब्रिटिश ब्रँडचं नाव आहे बरं का.

तुमच्या फोनची स्क्रीन आणि बॅटरी जागेवर धरणाऱ्या टेपही याच जातीच्या, नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या.

पुढे कंपनीने ड्र्यूला स्वतंत्र लॅब दिली. तिथे तो मनाला पटेल त्या प्रयोगांवर काम करणारी माणसं गोळा करायचा. 1962 मध्ये तो निवृत्त झाला आणि 1980 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात, 81 व्या वर्षी वारला. 2007 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.