क्लाइड मॅकफॅटर : घरी परतलेला गायक

सन १९७० मध्ये अमेरिकेतील डेक्का कंपनीने 'वेलकम होम' नावाची एक लाँगप्ले तबकडी काढली. गायक होते क्लाइड मॅकफॅटर. इंग्लंडातून ते नुकतेच मायदेशी परतले होते, म्हणून हे स्वागताचे नाव. स्वागत मात्र झाले नाही. तबकडी खपली नाही आणि दोन वर्षांत गायकही गेले. आज पुष्कळांना त्यांचे नाव ठाऊक नसते, पण त्यांच्या गळ्याचे ऋण घेतलेले गायक जगप्रसिद्ध झाले. म्हणून त्यांची ओळख वाचकांस करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मॅकफॅटर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९३२ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे झाला. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे गाणे चर्चमध्येच सुरू झाले. आपल्या भजनात बुवा पुढे आळवतात आणि टाळकरी मागून उचलून धरतात, तशीच काहीशी रीत तेथील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनात आहे. उंच, कोवळ्या पण आर्त आवाजाच्या या तरुणाने देवाला आळवण्याची ती रीत प्रेमगीतांत आणली. पुढे ज्याला 'सोल' संगीत म्हणू लागले, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातील नवोदितांच्या स्पर्धेनंतर बिली वॉर्ड यांनी त्यांना 'डॉमिनोज' या संचात घेतले. गाणी गाजली ती मॅकफॅटर यांच्या आवाजावर, पैसा व नाव मात्र वॉर्ड यांचे. कित्येकदा त्यांना वॉर्ड यांचे भाऊ म्हणून क्लाइड वॉर्ड या नावाने लोकांपुढे उभे केले जाई! १९५३ मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले जॅकी विल्सन पुढे स्वतःच मोठे गायक झाले.

अॅटलांटिक कंपनीचे अहमद एर्तेगुन यांनी मॅकफॅटर यांना शोधून काढले आणि त्याच वर्षी 'ड्रिफ्टर्स' हा संच उभा राहिला. 'मनी हनी' हे त्यांचे पहिलेच गाणे तुफान चालले. १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे 'व्हाइट ख्रिसमस' वाचकांनी कदाचित नकळत ऐकले असेल. 'होम अलोन' या १९९० च्या चित्रपटात ते आहे.

पुढची गोष्ट मात्र मनाला लागते. १९५४ मध्ये लष्करात भरती व्हावे लागले आणि परतल्यावर एकट्याने गायचे ठरवून १९५५ मध्ये त्यांनी संचातील आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांना विकून टाकला. मागे राहिलेले सोबती पगारी नोकर झाले. वॉर्ड यांच्याकडे जे स्वतः भोगले, तेच नकळत त्यांनी मित्रांच्या वाट्याला आणले. याची खंत त्यांना पुढे फार लागली.

एकट्याचे दिवसही प्रथम चांगलेच गेले. १९५८ चे 'अ लव्हर्स क्वेश्चन' हे गाणे अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचले, १९६२ चे 'लव्हर प्लीज' सातव्या. त्यांची काही जुनी गाणी एल्व्हिस प्रेस्लीनेही गायिली. पण मग कंपन्या बदलत गेल्या, रसिकांची आवड बदलली आणि दारू जवळ आली. १९६८ मध्ये ते इंग्लंडात गेले. तेथेही जम बसला नाही.

'वेलकम होम' निघाली तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस. आमच्या मते हे काही गळा म्हातारा होण्याचे वय नव्हे. पण तोवर अमेरिकेत अॅरेथा फ्रँकलिन आणि जेम्स ब्राउन यांचा जमाना होता. मॅकफॅटर यांच्याकडे लोक जुन्या गाण्यांच्या आठवणींपुरते पाहत. त्यांच्या नव्या गाण्यांना कान द्यायला कोणाला सवड नव्हती. १३ जून १९७२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय एकोणचाळीस.

१९८७ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांची निवड झाली. पुढच्या वर्षी ड्रिफ्टर्सबरोबर पुन्हा झाली आणि हा मान दोनदा मिळवणारे ते पहिले ठरले. १९९३ मध्ये टपाल तिकिटही निघाले. तत्पूर्वी, १९७४ मध्ये, त्यांनी विकलेल्या त्याच ड्रिफ्टर्स नावाचे एक नवे गाणे यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढले होते, आणि तेही इंग्लंडात.